फिरायची वाट, जायची वाट

रायपूर हे तळ्यांचे गाव. छत्तीसगढीत तळ्याला तरिया म्हणतात आणि तळ्याच्या बांधाला पार. जुन्या रायपुरात माणसाचा दिवस या पारांवरच उजाडत असे. आंघोळ, धुणे, गुरांचे पाणी, देवदर्शन, शेजाऱ्याशी चार शब्द, हे सारे तिथेच होई. बांधाची माती पिढ्यानपिढ्या पायांखाली दबून घट्ट झाली आणि तीच गावाची पहिली पायवाट ठरली. तिच्यासाठी कोणी निविदा काढली नव्हती, की कोणी फीत कापली नव्हती. पुढे शहर वाढले. कित्येक तळी बुजली, काहींवर बाजार व वस्त्या उभ्या राहिल्या. रजबंधा तळ्याचे तर आज फक्त नाव उरले आहे, आणि तेही मैदानाला. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले, आणि 2001 च्या जनगणनेत सहा लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या 2011 मध्ये, वाढलेल्या हद्दीसह, दहा लाखांवर गेली. मोटारी त्याहून वेगाने वाढल्या असाव्यात, असे रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या कोणालाही वाटेल.

जी तळी उरली, त्यांच्याकडे मात्र नव्या राजधानीचे लक्ष गेले. तेलीबांधा तळ्याचा काठ सरकारी निधीतून बांधून काढण्यात आला. काठावरच्या झोपडवस्तीतील कुटुंबांना जवळच्या बहुमजली इमारतींत घरे मिळाली. तळ्याभोवती फरशीची रुंद वाट, कठडे, दिवे, बाके आली. 2016 साली तिथे उंच राष्ट्रध्वजही उभा राहिला. या जागेला लोकांनी नाव दिले ‘मरिन ड्राइव्ह’. मुंबईचा समुद्र रायपुरापासून हजार किलोमीटरांहून अधिक दूर. पण पाण्याच्या कडेने चालता यावे ही हौस माणसाला सगळीकडे सारखीच असते, एवढे त्या नावावरून कळते. पहाटे या वाटेवर वृद्ध जोडपी चालतात, शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या फेऱ्या कोणी मोजून पुऱ्या करतो, संध्याकाळी मुले धावतात. पुढे स्मार्ट सिटी मोहिमेतून बुढा तळ्याच्या काठाचेही रूप पालटले. या मोहिमेसाठी रायपूरची निवड 2016 मध्ये झाली होती. मोहीम 2025 मध्ये संपली. हा पैसा वाया गेला, असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. शहरातल्या माणसाला निर्धास्तपणे चालायला एक तरी जागा मिळाली, हे लहान काम नव्हे.

परंतु तळ्याभोवतीच्या वाटेचा एक स्वभाव असतो. ती जिथे सुरू होते, तिथेच येऊन संपते. मराठीत ‘फिरायला जाणे’ आणि ‘कामाला जाणे’ या दोन्ही प्रयोगांत जाण्याचे क्रियापद एकच. प्रवास मात्र निरनिराळे. फिरायला गेलेला माणूस निघाल्या ठिकाणी परत येतो, आणि तेच त्याचे समाधान असते. कामाला निघालेल्या माणसाला दुसऱ्या ठिकाणी पोहोचायचे असते, तेही वेळेवर आणि धडपणे. तेलीबांधा तळ्याला लागूनच नागपूरहून दुर्ग-भिलाईमार्गे येणारा ग्रेट ईस्टर्न रोड जातो. लोकांच्या तोंडी तो जी. ई. रोड. तळ्याच्या काठी पहाटेच्या फेऱ्या चालू असतात, त्याच वेळी या रस्त्याच्या कडेने शहराबाहेरच्या गावांतून सायकली येत असतात. दांड्याला जेवणाचा डबा अडकवलेला, मागे थापी-ओळंबा बांधलेला. मजुरीला जाणाऱ्या स्त्रिया, ज्यांना रायपुरात आणि विदर्भातही रेजा म्हणतात, त्या पायी येतात. त्यांना चावडी गाठायची असते. मराठी वाचकाच्या मनात चावडी म्हटले की पाटील-तलाठ्याची बसण्याची जागा उभी राहते. रायपुरात मात्र मजूर सकाळी जिथे उभे राहतात आणि मुकादम येऊन माणसे निवडून नेतो, त्या नाक्याला चावडी म्हणतात. तिथे उशिरा पोहोचले, तर दिवसाची मजुरी गेली. या माणसांच्या वाट्याला रस्त्याची कड येते. आणि कड म्हणजे डांबर संपते व नालीचे झाकण सुरू होते, ती जागा.

या दोन वाटांतला फरक केवळ आस्थेचा असता, तर गोष्ट सोपी होती. तो हिशेबाच्या वहीतही रुजलेला आहे. रायपुरात नगरपालिका 1867 साली आली आणि महापालिका 1967 साली. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ या गावात रस्ते, दिवे आणि पाणी यांवर लोकांच्या करातून खर्च होत आला आहे. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनेत स्थान मिळाले आणि त्यांच्याकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची बारावी अनुसूची घटनेला जोडली गेली. ती वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. ‘रस्ते आणि पूल’ हा त्यात स्वतंत्र विषय आहे. उद्याने, बागा, क्रीडांगणे यांचा आणखी एक विषय आहे. सार्वजनिक सुखसोयींच्या विषयात रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ आणि बसथांबे यांची नावे घालून नोंद आहे. पदपथ हा शब्द मात्र अनुसूचीत कुठेही नाही. सायकलमार्गाचा तर प्रश्नच नाही. कायदा पदपथ बांधण्याची मनाई करतो, असा याचा अर्थ नव्हे. रस्त्यात पदपथ आलाच, असे कोणी म्हणेल, आणि ते कायद्याच्या दृष्टीने बरोबरही ठरेल. पण अंदाजपत्रकात ज्याला स्वतःचे नाव नसते, त्याला स्वतःचा पैसाही सहसा नसतो. तळ्याभोवतीची वाट सुशोभीकरणात किंवा उद्यानात बसते, म्हणून तिला स्वतंत्र रक्कम मिळते. रस्त्याकाठची वाट रस्त्याच्या पोटात जाते आणि रस्त्याचे काम उरकून जे उरेल, त्यावर जगते.

ती कशी जगते, हे कोणत्याही भारतीय शहरात पाहता येते. पावसाचे व सांडपाण्याचे पाणी वाहून नेण्यासाठी रस्त्याच्या कडेला नाली खणतात. तिच्यावर सिमेंटच्या लाद्या टाकतात आणि त्या लाद्यांनाच पदपथ म्हणतात. दर वर्षी पावसाळ्याआधी गाळ काढायला त्या उचलाव्या लागतात. काही फुटतात, काही परत बसवल्या तरी डुगडुगतात, काही मुळी परतच येत नाहीत. वरच्या बाजूला पेव्हर ब्लॉक बसवले असतील, तर केबल टाकणारे ते उखडतात आणि ढीग करून निघून जातात. नाली उंच, म्हणून पदपथही उंच. गुडघेदुखीच्या म्हातारीला त्यावर चढता येत नाही. दुकानदाराला मात्र आपली दुचाकी वर चढवायला उतार लागतो, म्हणून तो पदपथ कापून उतार करतो. अशा रीतीने दर वीस पावलांवर चढउतार तयार होतात आणि चालणारा कंटाळून खाली डांबरावर उतरतो. मग ‘लोक पदपथ वापरतच नाहीत’ हा निष्कर्ष काढणे सोपे जाते. भारतीय रस्ते महासभा ही 1934 पासून रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था. तिच्या 2012 च्या मानकांत पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी आणि उंची 150 मिलिमीटरांहून अधिक नसावी, असे सांगितले आहे. दीडशे मिलिमीटर म्हणजे एका वितीहूनही कमी. इतके साधे माप. ते पाळायला फार पैसा लागत नाही. नालीचा, विजेच्या खांबाचा, झाडाचा आणि पदपथाचा नकाशा एकाच कागदावर, एकाच दिवशी काढावा लागतो. शहरातले मोठे रस्ते अनेकदा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात, नाली महापालिकेची, खांब वीज कंपनीचा. कागद एक होत नाही.

तळ्याच्या वाटेला हा अडथळा नसतो, आणि तिला पैसा लवकर मिळण्याचे खरे कारण हे आहे. तिथली जमीन एकसंध असते, तिथून कोणाचे दुकान हलवावे लागत नाही, वाहनाची जागा घ्यावी लागत नाही. रस्त्याकाठच्या वाटेला या सगळ्यांशी बोलावे लागते. भाजीवाल्या, चहावाले, चांभार यांची रोजी त्याच जागेवर चालते, आणि 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षणही दिले आहे, ते योग्यच आहे. तेव्हा पदपथ मोकळा करणे म्हणजे त्यांना हुसकावणे नव्हे, तर त्यांना व चालणाऱ्यांना मिळून पुरेल इतकी जागा मोटारींकडून मागून घेणे. हे मागणे अवघड असते. शिवाय तळ्याकाठी फिरणाऱ्यांना वर्तमानपत्राला पत्र लिहायला वेळ असतो. चावडीवर जाणारी रेजा प्रभाग कार्यालय उघडण्याआधी निघून जाते आणि ते बंद झाल्यावर घरी परतते. तिच्या पार्षदाला (महाराष्ट्रात ज्याला नगरसेवक म्हणतात, त्याला छत्तीसगढात पार्षद म्हणतात) तिचे म्हणणे ऐकू येण्याचा योग निवडणुकीच्या आधीच काय तो येतो. शारदा चौक ते तात्यापारा चौक हा जुन्या शहरातला जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा अरुंद तुकडा. तात्यापारा म्हणजे रायपुरातल्या जुन्या मराठी कुटुंबांचा मोहल्ला. या तुकड्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न कित्येक वर्षे बातम्यांत आणि सभागृहात गाजत राहिला. वाहने अडली की बातमी होते. शहरात अर्धा किलोमीटर पदपथ नसला, तर त्याची बातमी होत नाही.

पायी चालणाऱ्यांसाठी रायपुरात मोठी रक्कम कधी मंजूरच झाली नाही, असे नव्हे. झाली, आणि तिची कथा आजवर लांबली आहे. शास्त्री चौक आणि जयस्तंभ चौक हा शहराचा सर्वांत गजबजलेला भाग. जवळच जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय आणि डॉ. आंबेडकर रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांतून रोज येणाऱ्यांचे पाय इकडेच वळतात. 1857 च्या डिसेंबरात वीर नारायण सिंह यांना इंग्रजांनी फाशी दिली, ती घटना जयस्तंभ चौकाच्या जागेशी जोडली जाते. या परिसरात रस्त्याच्या वरून जाणारा, सुमारे दीड किलोमीटर लांबीचा आकाशमार्ग, म्हणजे ‘स्कायवॉक’, बांधण्याचे काम सार्वजनिक बांधकाम खात्याने 2016-17 च्या सुमारास हाती घेतले. मूळ अंदाज 49 कोटी रुपयांचा होता. तो पुढे 77 कोटींवर गेला. 2018 च्या अखेरीस राज्यातले सरकार बदलले आणि काम थांबले. लोखंडी सांगाडा रस्त्यावर उभा राहिला. तो पाडावा की पुरा करावा, यावर समित्या बसल्या. 2023 च्या अखेरीस पुन्हा सरकार बदलले आणि 2025 मध्ये उरलेल्या कामासाठी सुमारे 37 कोटी रुपये मंजूर झाले. या काळात चालणारे त्या सांगाड्याच्या सावलीतून, पूर्वीसारखेच, मोटारींच्या मधून वाट काढत राहिले. सरकार कोणाचे, हा येथे मुद्दा नाही. ज्याला रस्ता ओलांडायचा आहे, त्याने आधी दोन मजले चढावे, ही कल्पनाच मुळात मोटारीच्या आसनावरून सुचलेली आहे. रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या माणसाला जमिनीवर, सिग्नलपाशी, पुरेशा सेकंदांचा हिरवा दिवा हवा असतो.

दुसरी एक संधी तर जमिनीवरच आणि शहराच्या मधूनच जात होती. 1900 च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूरहून धमतरीपर्यंत अरुंद लोहमार्ग टाकला. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. ही छोटी गाडी रायपूर स्थानकातून निघून तेलीबांध्यावरून, वस्त्यांच्या अंगणांना जवळजवळ स्पर्श करीत बाहेर पडे. तिचा वेग इतका बेताचा की रुळांच्या कडेने माणसे निर्भयपणे ये-जा करीत. 2017 मध्ये शहरातला हा भाग बंद झाला आणि त्या पट्ट्यावर स्थानकापासून शदाणी दरबारपर्यंत सुमारे बारा किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग बांधण्यात आला. सपाट, सलग अशी जमीन शहराला पुन्हा मिळणे कठीण. तिच्यातला एक पदर जरी सायकलींसाठी वेगळा राखला असता, तर शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी वाट तयार झाली असती. शतकभर जी शहरातली सर्वांत संथ वाट होती, ती सर्वांत वेगवान झाली, आणि दोन्ही बाजूंच्या वस्त्यांना एकमेकींकडे जाणे पूर्वीपेक्षा अवघड होऊन बसले.

याच राज्याने सायकलीचे मोल फार लवकर ओळखले होते, हे या संदर्भात विसरता येत नाही. 2004 पासून छत्तीसगढात सरस्वती सायकल योजना चालू झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींना नववीत गेल्यावर सरकारकडून सायकल मिळू लागली. बिहारनेही 2006 मध्ये अशी योजना आणली. तिच्या अभ्यासातून दिसले की मुलींची शाळेतील वाढ सर्वांत ठळक झाली ती माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत. अंतर हेच शिक्षणाच्या आड येत होते, आणि दोन चाकांनी ते ओलांडले. परंतु सायकल शिक्षण खात्याने दिली. ती चालवायची वाट शिक्षण खात्याच्या हाती नाही. गावाकडून शाळेला येणारी वाट जिथे शहराच्या मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे मालाच्या ट्रकांच्या रांगेत ही मुलगी एकटी पडते. तिथून पुढे तिला पाठवायचे की नाही, हे वडील रोज संध्याकाळी ठरवतात. मुलगी शाळा सोडते, तेव्हा नोंदवहीत ‘घरगुती कारण’ असे लिहिले जाते.

पैसा कोणाच्या नावे लिहावा, हा प्रश्न काही शहरांनी उघडपणे हाताळला आहे. 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने, रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना वाटून द्यावी, असे तत्त्व मांडले. चेन्नई महापालिकेने 2014 मध्ये पायी व सायकलीने जाणाऱ्यांविषयीचे स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि वाहतुकीवरील खर्चापैकी किमान साठ टक्के रक्कम या कामांवर खर्च करावी, असे त्यात लिहिले. पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातील कामे सुचवता येऊ लागली. एखाद्या गल्लीचा पदपथ दुरुस्त करा, असे साध्या अर्जावर लिहून देता आले. पुढे त्याच महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण आणि 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याला सायकलीसाठी आराखडा करावा लागावा, हे थोडे विनोदी आहेच. त्यातले पुष्कळसे अजून कागदावर आहे. काही सायकलमार्ग मध्येच झाडाला किंवा रोहित्राला अडून थांबतात. तरीही कागदावर आलेल्या आकड्याचा एक उपयोग असतो: तो पुरा झाला नाही, तर तसे विचारता येते.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बाध पदपथावरून चालण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि राज्यांनी त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे करावीत, असा आदेश दिला. न्यायालय हक्क सांगू शकते. फरशी बसवण्याचे पैसे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेतूनच मंजूर व्हावे लागतात. जी. ई. रोडसारख्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना 1.8 मीटरांचा पदपथ आणि शेजारी दोन मीटरांचा सायकलमार्ग धरला, तर एकूण 7.6 मीटर जागा लागते. मोटारींच्या एका पट्ट्याची रुंदी सर्वसाधारणपणे साडेतीन मीटर धरतात. म्हणजे सभागृहात ज्या जागेवर वाद होईल, ती मोटारींच्या दोन पट्ट्यांहून जेमतेम दोन फूट अधिक आहे. आणि त्यातली बरीचशी आजही, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांखाली, मोकळीच पडलेली असते.